कणा नसलेला काटा

एका रहस्यकथेचा अनुवाद करत होते. पहिल्याच प्रकरणात धुक्यातून एक पोलीस अधिकारी येतो आणि त्याच्या अंगात 'हेरिंगबोन'चा ओव्हरकोट असतो. शब्दकोश उघडला. हेरिंग म्हणजे एक मासा, बोन म्हणजे हाड. दुपारची वेळ, जेवण झालेलं, डोळ्यांवर झापड. मी लिहून टाकलं, 'त्याने माशाच्या काट्यांचा कोट घातला होता', आणि पुढच्या वाक्याकडे वळले.

चार दिवसांनी मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांचा फोन आला. "ताई, हा तुमचा इन्स्पेक्टर चोर धरतो की मासे?"

"का हो?"

"नाही, काट्यांचा कोट घालून फिरतोय. टोचत नाही का त्याला?"

हसले, चूक कबूल केली आणि त्या जागी 'हेरिंगबोन नक्षीचा कोट' असं गुळमुळीत काहीतरी टाकून मोकळी झाले. पण त्या शब्दाने काही मला मोकळं केलं नाही. पुढच्या वर्षी दुग्धव्यवसायावरचा मजकूर आला, त्यात गाई 'हेरिंगबोन'मध्ये उभ्या होत्या. मग एका लेखात विटा तशा रचलेल्या निघाल्या. शेवटी त्याच रहस्यकथेच्या मालिकेतलं तिसरं पुस्तक हातात पडलं आणि त्यात एक माणूस स्कीवर 'हेरिंगबोन' करत टेकडी चढू लागला. कोट, गाई, विटा, माणूस. एकाच माशाने माझ्या टेबलावर एवढा उच्छाद मांडलेला मी पाहिला नव्हता.

मुळात आमची अडचण 'बोन'पासूनच सुरू होते. मराठीत माशाला हाड नसतं, काटा असतो. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात अस्थी वगैरे असतील, पण बोलताना कुणी 'माशाचं हाड' म्हटलं की ऐकणारा चमकतोच. आणि एकदा काटा म्हटलं की तो एकटा येत नाही, सगळं गणगोत घेऊन येतो. बाभळीचा काटा, घड्याळाचा काटा, तराजूचा काटा, अंगावर उभा राहणारा काटा, काट्याने काढायचा काटा. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: काटा एकेकटा असतो, अणकुचीदार असतो आणि कुठेतरी बोट दाखवत असतो किंवा रुतत असतो. हेरिंगबोनमध्ये मात्र एकट्या काट्याला काही अर्थच नाही. एक तिरकी रेघ म्हणजे नुसती तिरकी रेघ. तिच्याशेजारी दुसऱ्या बाजूला कललेली दुसरी हवी, आणि अशा पुष्कळ हव्यात.

मग मी घरातले तयार शब्द चाचपले. 'नागमोडी' हा पहिला. छान शब्द आहे, पण त्यात एकच जिवंत प्राणी वळणं घेत चाललेला आहे. रेघ एकच, अखंड. दुसरा त्याहून जुना आणि थोडा अवघड, 'गोमूत्रिका'. बैल चालता चालता मुतला की जमिनीवर जी डावी-उजवी रेघ उमटते ती. आपल्या पूर्वजांनी हे इतकं बारकाईने पाहिलं की त्यावरून चित्रकाव्याचा एक प्रकारच केला. गोमूत्रिकाबंधात दोन ओळी एकाखाली एक मांडायच्या आणि एक अक्षर वरचं, एक खालचं असं तिरकं वाचत जायचं. तरी तोच श्लोक निघतो. डोकं गरगरवणारी करामत आहे. पण तीही एकच धार, न तुटता वळणारी. आणि हेरिंगबोनचं सगळं मर्म तुटण्यात आहे, हे मला पुढे कळलं. त्यामुळे नाग आणि बैल दोघेही बाद.

हेरिंग हा उत्तर अटलांटिकचा मासा. आपल्या तारलीच्या गोतावळ्यातला, तसाच चंदेरी, तसाच झुंडीने फिरणारा आणि बारीक काट्यांनी गच्च भरलेला. मधे पाठीचा कणा, आणि त्याच्या वर-खाली शेपटीकडे कललेले काटे. लहान मूल मासा खाल्लेल्या मांजराचं चित्र काढतं तेव्हा बाजूला जे काढतं, तेच. एक आडवी रेघ आणि तिला दोन्हीकडून तिरप्या रेघा.

पण हेरिंगबोनचं कापड डोळ्यांजवळ धरून पाहा. काटे दिसतात. उजवीकडे कललेल्या रेघांचा एक पट्टा, शेजारी डावीकडे कललेल्या रेघांचा. दोहोंच्या मधे सरळ उभा कणा दिसतो, अगदी स्पष्ट. आता त्या कण्याचा दोरा शोधा. सापडत नाही. तिथे दोराच नाही.

हे काय आहे ते कळण्यासाठी विणकामात थोडं शिरावं लागतं. उभा दोरा ताणा, आडवा बाणा. साध्या विणीत बाणा एका दोऱ्यावरून, एकाखालून जातो. ट्विलमध्ये तो दोनांवरून आणि दोनांखालून जातो, आणि दर ओळीला एक दोरा बाजूला सरकतो. या सरकण्यामुळेच कापडावर तिरकी रेघ उमटते. जीनच्या पँटीवर ती रोज दिसते. ताण्याचे दोरे वर उचलायला चार चौकटी असतात आणि दोरे त्यांत क्रमाने ओवलेले असतात: १, २, ३, ४, पुन्हा १, २, ३, ४. आता मधेच रेघेची दिशा उलटवायची असेल तर सरळ उपाय म्हणजे आल्या वाटेने परत फिरायचं: १, २, ३, ४, ३, २, १. रेघा शिखरावर जाऊन टोकाला टोक भिडवतात. नागमोडी. दिसायला ठीक, पण शिखरापाशी बाणा दोनांऐवजी तीन दोऱ्यांवरून उडी मारतो. तेवढी जागा सैल राहते.

हेरिंगबोन विणणारा ४ वरून मागे फिरताना ३ गाळतो आणि थेट २ घेतो: १, २, ३, ४, २, १, ४, ३. चौथा आणि दुसरा हे कायमचे विरुद्ध. एक वर असेल तेव्हा दुसरा खाली. त्यामुळे त्या जागी रेघा एकमेकींना भेटत नाहीत. एक संपते, दुसरी अर्धं पाऊल खालून किंवा वरून सुरू होते. कापडात एक स्वच्छ मोड पडते. आपला डोळा त्या मोडीतून सरळ रेघ ओढतो आणि म्हणतो, हा कणा. वस्तुतः तो एक गाळलेला दोरा आहे.

हे समजलं त्या संध्याकाळी मी उगाचच घरभर फिरत होते. ज्याला आपण मधला आधार समजतो ती तिथे नसलेलीच गोष्ट निघावी, याची गंमत वाटत होती. युक्ती जुनी आहे. आयर्लंडमधल्या अँट्रिम परगण्यात दलदलीच्या मातीत घोड्याच्या केसांचा, गोंडे लावलेला एक पट्टा सापडला, तो हेरिंगबोन विणीचा आहे आणि इसवी सनाच्या सहा-सात शतकं तरी आधीचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांचे अंगमेहनतीचे सुती कपडे याच विणीचे होते. मधल्या अडीच हजार वर्षांत दोऱ्यांचा क्रम काही बदललेला नाही.

कापडात ही मोड दिसायला सुंदर आणि विणीला सोयीची. विटांच्या जगात मात्र तिच्यावर जीव टांगलेले असतात.

मी हे डॉमिनोच्या सोंगट्यांवर करून पाहिलं. सोंगटी बरोबर दोनास एक, म्हणजे लांबी रुंदीच्या दुप्पट. फरसबंदीच्या विटाही साधारण त्याच मापाच्या असतात. आधी भिंतीसारख्या ओळी मांडल्या, वरच्या ओळीचा सांधा खालच्या सोंगटीच्या मध्यावर. ओळीच्या टोकाला बोटाने ढकललं. अख्खी ओळ आगगाडीसारखी निघाली, बाकीच्या जागच्या जागी. मग हेरिंगबोन मांडलं. एक आडवी, तिच्या कुशीला टेकून एक उभी, मग पुन्हा आडवी. पहिल्या खेपेला चुकले, कारण मी टेबलाच्या कडेपासून सुरुवात केली. कडेला अर्ध्या सोंगट्या लागतात आणि अर्धी सोंगटी कुठून आणणार? मधून सुरुवात करायची आणि कडा शेवटी बघायच्या, हे फरशी बसवणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवत असतील. मला तिसऱ्या प्रयत्नात कळलं. मांडून झाल्यावर त्याच बोटाने ढकललं. एकीने दुसरीला ढकललं, दुसरी तिरपी तिसरीवर रेलली, आणि अख्खा गठ्ठा थोडासा कुरकुरून थांबला. सरळ पळायला वाटच नव्हती. प्रत्येक सांधा थोडं चालतो आणि पुढच्या सोंगटीच्या अंगावर आपटून संपतो.

ज्या रस्त्यावर गाड्या ब्रेक मारतात, वळतात, तिथे ठोकळ्यांची फरसबंदी हेरिंगबोनमध्ये करतात ती यासाठी. चाक जमिनीला दाबतं तेवढंच नाही, आडवंही ढकलतं. सरळ ओळी हळूहळू सरकतात. ही मांडणी धक्का चारी बाजूंना वाटून टाकते.

आणि मग फ्लॉरेन्सचा घुमट. सांता मारिया देल फिओरे या कॅथेड्रलवर घुमट बांधायचा होता आणि आतली मोकळी जागा सुमारे ४५ मीटर रुंद होती. कमान बांधताना खालून लाकडी सांगाडा उभारायचा, त्यावर विटा रचायच्या, शेवटची वीट बसली की सांगाडा काढायचा, ही सगळ्यांना ठाऊक असलेली पद्धत. इथे जमिनीपासून पन्नासहून अधिक मीटर उंचीवर एवढा सांगाडा उभारायचा म्हणजे जंगलच आणून उभं करायचं. फिलिप्पो ब्रुनेलेस्की म्हणाला, सांगाडा नको. १४२० मध्ये काम सुरू झालं, १४३६ मध्ये घुमट पूर्ण झाला, सांगाड्याशिवाय.

अडचण कुठे होती ते पाहण्यासारखं आहे. वर्तुळाचा एक थर पूर्ण झाला की तो स्वतःला धरून ठेवतो. आत पडायचं तर सगळ्यांनी एकदम पडावं लागेल, आणि आत तेवढी जागा नसते. धोका आहे तो थर अर्धवट असताना. चुना ओला, वीट आतल्या बाजूला कललेली, शेजारी अजून कुणी नाही. ती घसरणारच. ब्रुनेलेस्कीच्या गवंड्यांनी आडव्या विटांच्या थरात ठरावीक अंतराने एकेक वीट उभी बसवली. उभी वीट खालच्या थरातही अडकलेली, आणि वरच्या थरासाठीही डोकं काढून उभी. दोन उभ्या विटांच्या मधे थोड्याच आडव्या विटा बसतात, त्या तिथे चिमटल्या जातात. फळीवरची पुस्तकं कोसळू नयेत म्हणून दोन टोकांना जड काहीतरी ठेवतो ना, तसं. पुढच्या थरात उभी वीट थोडी बाजूला सरकते, तिच्या पुढच्या थरात आणखी थोडी, आणि या उभ्या विटांच्या तिरप्या वाटा घुमटभर गोल फिरत वर चढत जातात. इटालियन लोक त्याला 'स्पिनापेशे' म्हणतात. पुन्हा माशाचा काटा.

चुना वाळला, थर पूर्ण झाले, त्यानंतर त्या उभ्या विटांना काही काम उरलं का? माझ्या अंदाजाने फारसं नाही. बांधकाम अपुरं होतं तेवढ्या वेळेपुरतीच त्यांची खरी नोकरी होती. मला हे आवडतं, का ते नीट सांगता येत नाही.

रोमन लोक याच्या पंधराशे वर्षं आधीपासून अशा विटा फरशीला लावत होते. रोममधल्या ट्राजनच्या बाजारपेठेत त्या आजही पायाखाली येतात. पण रोमनांना त्यात मासा दिसला नाही. त्यांनी नाव दिलं 'ओपुस स्पिकातुम', म्हणजे ओंबीचं काम. गव्हाची ओंबी हातात घेऊन बघा; दाणे दोन्ही बाजूंनी तिरपे, एकाआड एक, कुठेही समोरासमोर नाहीत. खरं सांगायचं तर माशापेक्षा ओंबी जास्त अचूक आहे. या 'स्पिका'ने, म्हणजे लॅटिनमधल्या ओंबीने, पुढे दोन ठिकाणी घर केलं. डॉक्टर अंगठ्याला किंवा खुब्याला आठच्या आकड्यात पट्टी गुंडाळतात, पट्टीचे वेढे एकमेकांवर तिरपे चढत जातात, त्याला 'स्पायका' म्हणतात. आणि कन्या राशीतल्या कन्येच्या हातात जी ओंबी कल्पिली आहे, तिच्या जागी चमकणारा ताराही स्पायका. आपली चित्रा. म्हणजे कोटावरच्या नक्षीपासून सुरू करून, लॅटिनच्या वाटेने, चित्रा नक्षत्रापर्यंत चालत जाता येतं. अनुवादकाला अशा वाटा सापडल्या की त्या दिवशी पानं होत नाहीत.

मग मी बाकीच्या भाषांत डोकावले. स्पॅनिशमध्ये ओंबीच टिकली आहे. जर्मन आणि डच मासा म्हणतात, पण कुठला मासा ते सांगत नाहीत; डॅनिश मात्र नेमकं हेरिंगच म्हणतात. रशियन माणसाला यात फरचं छोटं झाड दिसतं, पोलिशलाही. जपानी विणकर 'सुगिआया' म्हणतात, सुगी या उंच सूचिपर्णी झाडाची ट्विल. चिनी भाषेत तर ही नक्षी म्हणजे 'माणूस' या अर्थाचं अक्षर. ते अक्षर अगदी साधं आहे, वरून निघून दोन बाजूंना कललेले दोन फराटे, एकमेकांना टेकून उभे. ज्याच्या अवतीभवती जे होतं ते त्याने पाहिलं, असं म्हणून सोडून देता येईल, पण चिनी लिहिणाऱ्याच्या अवतीभवती मासे नव्हते थोडेच! त्याने हातातल्या कुंचल्याकडे पाहिलं, एवढंच.

सगळ्यात चोख मला फ्रेंच वाटले. लाकडी जमिनीच्या बाबतीत ते दोन वेगळी नावं ठेवतात. पट्ट्यांची टोकं तिरपी कापून ती समोरासमोर भिडवली, की मधून एक सरळ सांधा धावतो; त्याला ते 'हंगेरीचा टाका' म्हणतात, आणि इंग्रजीत तो शेव्हरॉन. टोकं चौकोनी ठेवून एका पट्टीचं टोक दुसरीच्या कुशीत खुपसलं की ते 'बातों रोंप्यू', मोडक्या काठ्या. हेच आपलं हेरिंगबोन. दुकानांच्या जाहिरातींत या दोहोंची सर्रास गल्लत असते, आणि फरक काय तो कणाच. शेव्हरॉनमध्ये कणा खरा असतो, हेरिंगबोनमध्ये भासाचा. शिवाय फ्रेंचमध्ये 'मोडक्या काठ्यांनी बोलणं' म्हणजे या विषयावरून त्या विषयावर उड्या मारत निवांत गप्पा मारणं. हा लेख कुणी फ्रेंच माणसाने वाचला तर त्याला नाव शोधावं लागणार नाही.

आता टाका. शिवणकामात याला काहीजणी मच्छी टाका म्हणतात, काहीजणी सरळ हेरिंगबोन. मला हा शब्द म्हणून भेटण्याच्या कितीतरी आधी हातात आला होता, फक्त तोच हा, हे माहीत नव्हतं. कापडावर दोन समांतर रेघा कल्पायच्या. खालच्या रेघेवर डावीकडे सुई वर काढायची, दोरा तिरपा उजवीकडे वरच्या रेघेपर्यंत न्यायचा, आणि तिथे कापडाचा बारीक घास घ्यायचा. पण घास घेताना सुईचं टोक डावीकडे, आल्या दिशेला. मग दोरा तिरपा खाली उजवीकडे, आणि पुन्हा घास डावीकडे तोंड करून. ओळ उजवीकडे सरकत जाते आणि सुई सतत मागे बघत असते. पहिल्यांदा करताना हात हट्टाने सुई पुढे फिरवतो आणि टाका सुटतो. दर वेळी मागे वळल्यामुळे दोरा आधीच्या दोऱ्याला जरा ओलांडून जातो, म्हणून प्रत्येक शिखराशी एक लहानशी फुली पडते. या फुल्यांमुळे टाक्याला ताण सोसतो. जाड कापडाची पट्टी दुमडून आतून हाच टाका घालतात. कापड ओढलं गेलं तरी दोरा तुटत नाही, थोडा पसरतो आणि परत येतो. कच्छच्या भरतकामात आधी हा टाका घालून घेतात आणि मग त्याच्या तिरप्या दोऱ्यांतून दुसरा दोरा विणत नेतात, कापडाला न शिवता.

पण मला भुरळ पडली ती उलट बाजूची. कापड पालथं केलं की तिरप्या रेघा गायब. दोन समांतर रेघा, लहान लहान टीप घातल्यासारख्या, बस्स. शॅडो वर्कमध्ये हीच गोष्ट वापरतात. तलम, आरपार दिसणाऱ्या कापडाच्या पाठीवर हा टाका दाट घालायचा. समोरून पाकळीच्या दोन कडा टिपेने रेखलेल्या दिसतात आणि मधे रंगाची नुसती सावली. सगळी मेहनत पाठीमागे. मी केलेल्या पहिल्या पाकळीत दोरा इतका ओढला होता की पाकळीला चुण्या पडून ती सुकलेली दिसत होती. उसवली नाही. त्या रुमालावर एक सुकलेली पाकळी अजून आहे.

यंत्रांत हाच आकार आवाज कमी करायला आणि भांडण मिटवायला येतो. सरळ दात्यांच्या गिअरमध्ये दाता दात्यावर अख्ख्या लांबीने एकदम आदळतो. दाते तिरपे कापले तर ते एका टोकापासून हळूहळू भिडतात आणि चाक शांत चालतं. पण तिरपेपणामुळे ते आसावर एका अंगाला सरकू पाहतं. उपाय हाच: अर्धे दाते उजवीकडे तिरपे, अर्धे डावीकडे. दोन्ही सरकू पाहतात आणि कुणीच सरकत नाही. आंद्रे सिट्रोएन यांनी मोटारी करायच्या आधी असे गिअर केले, म्हणून त्यांच्या गाडीच्या नाकावर ते दोन उलटे 'व्ही' आहेत. अशा पुष्कळ गिअरांत मधोमध एक खाच असते, कारण दाते कापणाऱ्या हत्याराला बाहेर पडायला जागा लागते. म्हणजे इथेही कण्याच्या जागी पोकळी.

गाईंचं प्रकरण मात्र साधं निघालं. न्यूझीलंडच्या वायकाटो भागात १९५२ मध्ये एका शेतकऱ्याने ही पद्धत काढली. मधे माणसाला उभं राहायला खोल चर, दोन्ही अंगांना गाई तिरप्या उभ्या. तिरप्या असल्यामुळे कमी लांबीत जास्त गाई मावतात, एका कासेपासून दुसरीपर्यंतचं अंतर कमी होतं आणि दूध काढणाऱ्याला वाकावं लागत नाही. कास त्याच्या कोपराच्या उंचीला येते. मी तिथे 'तिरप्या रांगांचं मिल्किंग पार्लर' लिहिलं. मासा गाळला. गाईंच्या मधे मासा बरा दिसत नव्हता. विमानात महागड्या वर्गातल्या खुर्च्याही अशाच तिरप्या असतात म्हणे, आणि कारणही तेच.

माणसाने केलं नाही तिथेही हा आकार उमटतो. भरतीचं पाणी येताना वाळूचे थर एका बाजूला तिरपे घालतं, ओहोटीचं पाणी उलट बाजूला. ते तसेच दगड झाले की कोट्यवधी वर्षांनी भूशास्त्रज्ञ कड्यावर हेरिंगबोन पाहतो आणि ओळखतो की इथे समुद्राची ये-जा होती. सोन्याची गोष्ट तर विश्वास बसू नये अशी. सोन्याच्या स्फटिकाच्या एका विशिष्ट सपाट पृष्ठावर सगळ्यात वरचा थर खालच्यांपेक्षा दाटीने बसू पाहतो. खालच्या थरातल्या २२ जागांवर वरचे २३ अणू. या दाटीने पृष्ठावर घड्या उमटतात, आणि ताण एकाच दिशेला साचू नये म्हणून त्या ठरावीक अंतराने दिशा बदलतात. अणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की ओव्हरकोटाचं कापडच. शास्त्रज्ञ त्याला दुसरं काही न म्हणता हेरिंगबोनच म्हणतात.

मात्र जिथे कणा खरा असतो तिथे इंग्रजी बहुतेक वेळा हेरिंगचं नाव काढत नाही, नुसतं 'फिशबोन' म्हणते. हे मला फार उशिरा लक्षात आलं. जपानी गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांची कारणं शोधायची आकृती फिशबोन: मधे कणा, डोक्याच्या जागी बिघाड, काट्यांच्या जागी कारणं. आणि ब्राझीलच्या रोंडोनिया राज्याची उपग्रहातून घेतलेली चित्रं. जंगलातून आधी एक महामार्ग गेला. मग त्याला काटकोनात ठरावीक अंतराने फाटे फुटले, फाट्यांच्या दोन्ही बाजूंना वस्त्यांसाठी जमिनीचे तुकडे पडले, आणि प्रत्येकाने आपल्या दारापासून झाडं तोडत आत जायला सुरुवात केली. वरून पाहिलं की हिरव्या अंगावर माशाचा सांगाडा, रस्ता हाच कणा. एकेका वर्षाची चित्रं ओळीने पाहिली तर काटे जाड होत जातात आणि मधलं हिरवं बारीक. इथे एकमेकांना टेकून धरणारं कुणी नाही. या चित्राला सुंदर म्हणायला माझी जीभ वळत नाही, पण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा क्षणभर मनात तोच शब्द आला होता, हेही खरं.

राहिला टेकडी चढणारा माणूस. स्की घालून उतारावर सरळ वर जाता येत नाही, घसरायला होतं. म्हणून पुढची टोकं फाकवायची, टाचा जवळ ठेवायच्या, प्रत्येक पाऊल आतल्या कडेवर रोवायचं आणि बदकासारखं फेंगडं चालत वर जायचं. मी वाक्य दहादा खोडलं. 'हेरिंगबोन' तसंच ठेवलं तर वाचकाला काही दिसणार नाही. 'माशाच्या काट्यासारखं चालत'? पुन्हा फोन आला असता. 'बर्फावर ओंबी उमटवत' लिहून पाहिलं. गोड झालं, पण खुनी माणूस ओंब्या उमटवत जात नाही. आणि कथेत त्या खुणांना महत्त्व होतं. चढणाऱ्याच्या स्कीची टोकं वरच्या बाजूला फाकलेली, टाचा खालच्या बाजूला जवळ. म्हणजे मागे उरतात त्या खुणा खाली टोक केलेल्या बाणांसारख्या. शेवटी लिहिलं, 'तो फेंगडी पावलं रोवत चढला. त्याच्यामागे बर्फावर बाणांची रांग उरली होती, सगळी टोकं दरीकडे.'

मुद्रितं गेली. ठरल्याप्रमाणे फोन आला.

"ताई, बाण खाली दाखवतायत."

"हो."

"मग माणूस गेला कुठे?"

"वर."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग कागद उलटल्याचा आवाज आणि, "राहू दे."